पुरेसाहेबांचा जास्तीचा प्रश्न

कोर्टात त्यांना सगळे पुरेसाहेब म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं. उलटतपासणीत हवं ते उत्तर मिळालं की म्हातारा "पुरे" म्हणायचा आणि खाली बसायचा. पंचेचाळीस वर्षं या एका शब्दाने भल्याभल्यांना घाम फोडला होता.

समोरचे सरकारी वकील आता साठीला टेकले होते, तरी पुरेसाहेब उभे राहिले की ते अजून खुर्चीत सावरून बसायचे. वकिलीची बाराखडी ते त्यांच्याच हाताखाली शिकले होते. पहिल्याच आठवड्यात पुरेसाहेबांनी बजावलं होतं, "साक्षीदार आपल्या सोयीचं बोलला, की परत त्या वाटेला जायचं नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारलास, तर तो उत्तराला ठिगळ लावणारच."

आज आरोपीच्या पिंजऱ्यात पुरेसाहेबांचा अशील उभा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस. मालकाच्या डोक्यात पाना घालून पळाल्याचा आरोप. शिक्षा झाली तर दहा वर्षं आत. समोरच्या औषध दुकानदाराने त्याला पळताना पाहिलं, एवढ्यावर सगळा खटला उभा होता. जेवणाआधी पुरेसाहेबांनी त्या दुकानदाराकडून काढून घेतलं की दिवे गेले होते, चेहरा दिसला नव्हता, दिसला तो फक्त निळा गणवेश. आणि मालकाच्या लिफ्ट कंपनीत निळा गणवेश घालणारी अकरा माणसं होती.

जेवणाच्या सुट्टीत सरकारी वकिलांना व्हरांड्यात तपास अधिकारी दिसला. दुकानदाराच्या खांद्यावर हात टाकून तो त्याला काहीतरी पढवत होता. "टॉर्च" हा शब्द स्पष्ट ऐकू आला. तिथेच दोघांना झापायला हवं होतं. पण सरकारी वकिलांनी कानाडोळा केला आणि डबा उघडला. अर्धी पोळी खाऊन तो तसाच बंद केला.

सुट्टीनंतर पुरेसाहेब उभे राहिले. शेजारी त्यांची लेक होती, बारा वर्षं त्यांची ज्युनियर. दोनच किरकोळ प्रश्न उरले होते. ते झाले. आता "पुरे" येणार म्हणून सरकारी वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

पुरेसाहेबांनी कागद चाळले, चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "तुम्हाला पळणाऱ्याचा चेहरा दिसला होता का?"

लेकीने त्यांचा गाऊन ओढला. दुकानदाराचा चेहरा मात्र खुलला. "त्याचं असं झालं साहेब, आता नीट आठवतंय, माझ्या हातात..."

"हरकत आहे!"

सगळं कोर्ट वळून बघू लागलं. उभे होते सरकारी वकील. न्यायाधीशबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, साक्षीदार तुमचाच आहे."

"म्हणूनच म्हणतो. या प्रश्नाचं उत्तर सकाळी नोंदलं गेलंय. मला दुसरं नको."

बाईंनी नोंदी उलटून पाहिल्या. "हरकत मान्य."

मागच्या बाकावरून तपास अधिकारी डोळे वटारून बघत होता. बघू दे, सरकारी वकिलांना त्याची पर्वा नव्हती. पुरेसाहेब तेवढे गोंधळून उभे होते, आणि ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी वकिलांच्या खोलीत दोघंच उरले.

"किती वेळा विचारलं मी?" पुरेसाहेबांनी विचारलं.

"दोनदाच, सर. होतं असं कधीकधी."

"फार पटकन बोललास. पटकन आलेलं उत्तर तपासून घ्यावं, हे कोणी शिकवलं तुला?"

सरकारी वकिलांनी चहाच्या कपात पाहिलं. "तीनदा. सकाळीच दोनदा विचारलंत. नशीब, दोन्ही वेळा तो तेच बोलला."

"लेकीच्या लक्षात आलं?"

"तिने तुमचा गाऊन ओढला, सर."

"मला वाटलं, खुर्चीत अडकला." म्हातारा हसला, पण डोळे भरले होते. "बारा वर्षं पोरीला नुसती शेजारी बसवली मी. सगळं मीच बोलत राहिलो. उद्याचा युक्तिवाद तिलाच करू दे."

"उद्या भांडायला काही नाहीच. आरोपीची ओळख पटलेली नाही, असं मीच सांगणार आहे. आणि व्हरांड्यात काय पाहिलं तेही."

"मग पुढच्या खटल्यात भांड. ती चुकली तर माझ्यासाठी उठलास तसा उठू नकोस. पार घाम काढ तिचा."

"काढतो, सर."

पुरेसाहेबांनी गाऊन उतरवला. एकट्याला घडी जमेना, तेव्हा सरकारी वकिलांनी दुसरी टोकं धरली. घरी चादरीची घडी घालतात तशी दोघांनी मिळून घातली.

"पुढच्या महिन्यात तो खुनाचा खटला लागतोय," सरकारी वकील खाली बघत म्हणाले. "समोर तुम्हीच आहात ना?"

पुरेसाहेबांनी गाऊनवरून एकदा हात फिरवला.

"पुरे," ते म्हणाले आणि खाली बसले.