चिंचेनं घासलेल्या दीडशे पुंगळ्या

मी एक पुंगळी बोलतेय. खरं सांगायचं तर अर्धीच बोलतेय, कारण उरलेली अर्धी जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या एका तळघरात खिळ्याला टांगलेली आहे. घाबरू नका, दुखत नाही. आणि अर्ध्या तोंडानंही मी पुरती बडबडते.

पुंगळी म्हणजे काय, ते आधी ऐका. गोळी लागते, तिचं नाव होतं. दारू जळते, तिचा आवाज होतो. मागे पितळेचं जे रिकामं नळकांडं खणकन जमिनीवर पडतं आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ती मी. बोटाएवढी लांब, गळ्याशी बारीक. माझं शिक्षण म्हणाल तर बुडावर ठोकलेले चार आकडे, तेवढंच. पण भल्याभल्या इंजिनियरांना मी फसवलंय.

त्यातला सगळ्यात मोठा इंजिनियर म्हणजे आमचा हरीश. सांगलीचा. इथल्या एका गाड्यांच्या कंपनीत गिअरबॉक्सचे आराखडे काढतो. गावच्या जत्रेत फुगे फोडण्यापलीकडे त्यानं कधी बंदूक धरली नव्हती. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला शुत्सेनफेराइनला, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात नेलं, आणि गडी तिथेच रमला. पुढे त्यानं आम्हाला पुन्हा भरायचं परमिट काढलं. त्यासाठी कोर्स, मग परीक्षा, मग आम्टात, म्हणजे सरकारी कचेरीत खेपा, मग शिक्का. लग्नालासुद्धा त्याला एवढे कागद लागले नव्हते, असं त्याची बायको शमिका म्हणते.

पुन्हा भरणं हा आमचा पुनर्जन्मच. उडालेली पुंगळी उचलायची, ठोकून जुन्या मापात आणायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. पण एक मेख आहे. प्रत्येक स्फोटाला आम्ही जरा ताणल्या जातो. बुडाच्या वर बोटभर अंतरावर आतून पितळ झिजत जातं आणि तिथे एक रेघ पडते. बाहेरून काही दिसत नाही. ती रेघ खोल गेली की पुढच्या बाराला पुंगळी तिथेच फाटते, आणि तापलेला धूर मागे येतो. मागे कोण असतं? बंदुकीला गाल लावून बसलेला माणूस.

म्हणून हरीश प्रत्येक बाराला आमच्या बुडावर मार्करनं एक ठिपका द्यायचा. तीन डबे होते, एकेकात पन्नास जणी. दोन वेळा उडालेल्या, पाच वेळा उडालेल्या आणि आठ वेळा उडालेल्या. मी आठातली, पन्नासांवर एक जादा. आठवाल्या म्हणजे रिटायर. त्यांना कुणी मॅचला नेत नाही.

आता म्हातारपणी स्वस्थ बसेन तर ती मी कसली! एकदा सरावाला नेली तेव्हा नववा बार झाला, आणि मी बंदुकीतून उडून थेट बाकाखालच्या खडीत जाऊन लपले. महिनाभर तिथे लोळले. ठिपके पार घासून गेले. शेवटी झाडताना मी क्युब्लर आजोबांना सापडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, क्लबातले सगळ्यात जुने. त्यांनी मला हरीशच्या हातावर ठेवलं. ‘दोन’च्या डब्यातली एक जण गवतात हरवली होती, तिची जागा रिकामी. हरीश म्हणाला, "आल्झो, म्हणजे ही इथलीच दिसतेय," आणि मला तिथे बसवून वर दोन ठिपके दिले. नऊ वेळा उडालेली म्हातारी कोवळ्या पोरींत जाऊन बसली. आठवडाभर मी गालातल्या गालात हसत होते.

एवढ्यात हरीशच्या सासूबाई आल्या. मनोरमाबाई, मुक्काम सातारा, तीन महिन्यांचा व्हिसा. सूटकेसमध्ये दोन किलो चिंच. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कपडे धुवायला तळघरात उतरल्या आणि फळीवरचे आमचे डबे त्यांनी उघडले.

"अगं बाई, काय काळवंडलंय पितळ! उद्या जावयाची हत्यारं पूजायची, आणि ही अशी?"

तिन्ही डबे एका टबात उपडे झाले. चिंच, मीठ, गरम पाणी. मग नारळाच्या शेंडीनं एकेक पुंगळी घासली. हात दणकट! माझ्या आयुष्यात मला एवढं कुणी चोळलं नव्हतं. जास्त भिजल्यामुळे काही जणींवर गुलाबी छटा आली, पण चमकलो बघा सगळ्या, नवरीसारख्या! दुसऱ्या दिवशी पाटावर रांगेनं उभ्या, प्रत्येकीला हळदकुंकू.

हरीश कामावरून आला, पाटाकडे बघितलं, एक पुंगळी उलटी केली. ठिपके नाहीत. दुसरी उलटी केली. नाहीत. कोण दोनातली आणि कोण आठातली, सगळा काला.

"कशा झाल्यात?" मनोरमाबाई.

"छान. छानच, आई."

त्याचं तोंड असं झालं होतं की मला हसू आवरेना. जावई माणूस, सासूला बोलणार काय!

स्वयंपाकघरात मात्र कुजबुज झाली. "रविवारी फायनल आहे, शमिका. तिघांची टीम. क्युब्लरची ही शेवटची मॅच आहे."

"मग नव्या पुंगळ्या आण."

"चार दिवसांत? माझ्या रायफलला या बसल्यात. यांच्यावरच माझा नेम लागतो."

"काहीही कर, पण आईला बोलू नकोस हं. ती रडेल आणि तिकीट बदलायला सांगेल."

शनिवारी सकाळी हरीश तळघरातल्या बाकावर बसला. एकेक पुंगळी उजेडात धरायचा, लांबी मोजायचा, बाहेरून गोल फिरवून बघायचा. मग त्यातल्या तुकतुकीत पन्नास वेगळ्या काढल्या. त्यात मी पहिली. का नसणार? माझ्याइतकी देखणी कोण होती! आणखी एकदा धडाम होणार म्हणून मी नुसती उतावळी झाले होते. हरीशच्या गालाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. डोकंच नाही, बूड आहे.

मनोरमाबाई चहा घेऊन खाली आल्या. जावयाकडे बघितलं.

"हरीशराव, चार दिवस तुम्ही माझ्याशी नीट बोलत नाही. काय चुकलं?"

"काही नाही हो आई."

"बुडावर काळे ठिपके होते. मी शाईचे डाग समजून घासले. ते लागत होते ना?"

शेवटी हरीशनं सांगितलं, ठिपके कशाचे, आणि पोटातली रेघ म्हणजे काय. मनोरमाबाईंनी चहा बाकावर ठेवला.

"मग मला तेव्हाच सांगायचं की! मी काय परकी आहे? आणि आता या भरताय कशाच्या भरवशावर?"

"बाहेरून चांगल्या दिसतात."

"बाहेरून मी घासल्यात, त्या चांगल्याच दिसणार!"

त्यांनी चार-चार पुंगळ्या मुठीत घेऊन खुळखुळवल्या. पितळेचं भांडं घेताना साताऱ्यात वाजवून घेतात तशा. तिसऱ्या मुठीला थांबल्या. "यातली एक बद्द वाजतेय." हरीशनं भिंग लावून पाहिलं, तर गळ्याशी केसाएवढी चीर! असा आवाज ऐकायला त्याला कोर्समध्येही शिकवलं होतं, पण घाईत तो विसरला होता.

मी मात्र खणखणीत वाजले. मनात म्हटलं, वाजव म्हातारे, माझी गंमत तुला कळायची नाही.

मग त्या बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, त्याचं टोक जरासं वाकवलं, आणि माझ्या गळ्यातून आत घातला. "भांड्याला आतून हात फिरवतो ना, तसं. बोट जात नाही म्हणून आकडा." बुडापाशी नेऊन सावकाश वर ओढला. खट्! अडकला.

"इथे काहीतरी लागतंय."

हरीशनं आकडा घेतला. ओढला. पुन्हा खट्. मला उजेडात गोल फिरवली, तर खाली बुडाशी खडीतला एक ओरखडा. त्याला ओळख पटली.

"आई, ही बाकाखाली सापडलेली. ही ‘दोन’च्या डब्यात होती." त्यानं मला बाकीच्यांपासून लांब सरकवलं. "तुम्ही घासल्या नसत्या, तर रविवारसाठी मी तो डबा न बघता भरला असता. ही माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर फुटली असती."

मनोरमाबाईंनी त्याच्यापुढच्या सगळ्या पुंगळ्या बाजूला ओढल्या. आणि माझं हसू तिथेच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा.

हरीशनं क्युब्लर आजोबांना फोन लावला. "तुम्हाला बाकाखाली सापडलेली ती म्हातारी पुंगळी फाटायच्या बेतात निघाली. आता माझ्याकडे एकही भरवशाची पुंगळी नाही. तुमची शेवटची मॅच माझ्यामुळे..."

"शंका आली की भंगारात," पलीकडून आजोबा म्हणाले. "दीडशेच्या दीडशे. मी येतोय. ती म्हातारी पुंगळी वेगळी ठेव."

आले, चहा प्यायले, शिऱ्याच्या दोन वाट्या खाल्ल्या आणि मला बाकावरच्या शेगड्यात आवळून बारीक करवतीनं उभी चिरली. आतली रेघ उघडी पडली, काळी, पितळ कागदाएवढं उरलेलं. आजोबांनी मनोरमाबाईंचा आकडा हातात घेऊन निरखला, मग खिशातून तसंच वाकवलेली स्वतःची तार काढून शेजारी ठेवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबा म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. बाई म्हणाल्या, "तेच तर!"

बाकीच्या एकशे एकोणपन्नास जणींची तोंडं पकडीनं चेपून त्यांना भंगारात टाकलं, चुकून कुणी पुन्हा भरू नये म्हणून. रविवारी हरीश क्लबात मिळालेल्या तयार काडतुसांवर खेळला. नेम सैरावैरा! आठ टीम होत्या, त्यात आमचे सातवे आले. हरीश माफी मागायला गेला, तर आजोबांनी त्याच्या चष्म्यावर टिचकी मारली. "दोन्ही डोळे आहेत ना जागेवर? मग पुढच्या वर्षीही मीच खेळतो. शेवटची मॅच सातव्या नंबरवर कोण संपवतो?"

आता मी इथे क्लबाच्या भिंतीवर आहे, चषकांच्या शेजारी. नवा माणूस आला की आजोबा त्याचं बोट माझ्या पोटातल्या रेघेवरून फिरवतात. गुदगुल्या होतात, पण मी शहाण्यासारखी गप्प बसते. तळघरातल्या माझ्या दुसऱ्या अर्ध्या भागाजवळ तो आकडाही टांगलाय. दर शनिवारी साताऱ्याहून व्हिडिओ कॉल येतो आणि पहिला प्रश्न जेवलात का हा नसतो, आकडा फिरवलात का हा असतो.

तेव्हा बाबांनो, माझ्यासारखी एखादी चकचकीत म्हातारी तुमच्या हाती लागली, तर तिच्या रूपावर जाऊ नका, बुडावरच्या ठिपक्यांवर तर मुळीच जाऊ नका. आम्ही खोटं बोलतो. आकडा घाला आणि पोटात काय आहे ते बघा. अडकला तर दया नको, तोंड चेपा. मी रागावणार नाही. माझं तर पोटच उघडं आहे, आता कुणाला फसवू?