मुशीतलं बटण

कोळसा काळा असतो, एवढं सगळ्यांनाच कळतं. खरी गंमत त्यापुढे आहे. दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याचं पीट हे या घराण्यातलं तान्हं बाळ. त्यावर मातीचा भार चढला की तपकिरी लिग्नाइट होतो, आणखी दबला-तापला की काळा बिट्युमिनस, आणि सगळ्यात म्हातारा तो टणक, चकचकीत, जवळजवळ धूरच न करणारा अँथ्रासाइट. बिट्युमिनसमध्ये पुन्हा दोन तऱ्हा. एक तापवला की मऊ पडतो, फुगतो आणि त्याचा घट्ट कोक होतो. पोलादाच्या भट्ट्या त्याच्यासाठी जीव टाकतात. दुसरा नुसता जळतो, तो बॉयलरचा.

यातला कोणता कुठला, हे ठरवायचं काम प्रयोगशाळेतल्या मूसबाईचं. कोळशाची चिमूटभर पूड छोट्या मुशीत घालायची, झाकण ठेवून ज्योतीवर धरायची आणि आत जे बटण, म्हणजे बटणाएवढं ढेकूळ, उरेल ते तक्त्यावरच्या आकृत्यांशी ताडून आकडा द्यायचा. शून्य म्हणजे भुकटी, नऊ म्हणजे टम्म फुगलेलं. दिवसभर मुशी हाताळते म्हणून ती मूसबाई. खरं नाव सासूलासुद्धा जरा आठवून सांगावं लागे. कुणी थट्टेने म्हणे, "उडदामाजी काळेगोरे काय निवडायचं, बाई?" ती म्हणे, "माझ्याकडे पाठवा, निवडून देते."

आणि या मूसबाईने आपल्या सख्ख्या भावाच्या कोळशाला 'एक' दिला होता.

दादा खाणीत मुकादम. जुना थर संपत आला होता आणि नवा थर दादाच्याच टोळीने उघडला होता. तो कोकचा ठरला तर खाण चालणार; बॉयलरचा ठरला तर कुलूप, कारण तेवढ्या खोलातून बॉयलरचा कोळसा काढणं कुणाला परवडणार? "माझा कोळसा खणखणीत आहे," असं दादा ज्याला-त्याला सांगत सुटला होता. मुशीतून मात्र निघाली जेमतेम चिकटलेली भुकटी. तेव्हापासून दादा तिच्याशी बोलत नव्हता. वहिनी तेवढी बोलली, "भावाच्या पोटावर पाय आणलास गं." ते मूसबाईच्या जिव्हारी लागलं. पण आकडा तो आकडा, त्याला कुणाचा भाऊ नसतो.

खाण चालवायची की नाही हे ठरवणारी समिती बसणार होती, तिच्या आदल्या दिवशी तिने उरलेला नमुना पुन्हा हातात घेतला. ढेकळं निस्तेज होती, भेगांत गंज साचला होता. तिने खाणीत फोन लावला. तेव्हा कळलं, नमुना पाठवायच्या वेळी थराच्या तोंडाशी पाणी भरलं होतं, म्हणून अंगणातल्या, याच थरातून आधी काढलेल्या ढिगातूनच डबा भरला. आणि तो ढीग अख्खा उन्हाळा उघड्यावर पडला होता. उघड्यावरचं पीठ जसं विटतं तसा कोळसाही हवेत विटतो. जळतो, पण फुगायचं विसरतो. मूसबाईला स्वतःचाच राग आला. नमुना कुठला, हे आधी विचारायला नको होतं का?

ती तडक प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा काढला. "भावाचा थर आणि बहिणीची फेरतपासणी? लोक काय म्हणतील?"

"म्हणून ज्योतीवर मूस तुम्ही धरा. आकडाही तुम्हीच द्या. मला फक्त ताजा नमुना हवा."

"उद्या दुपारी समिती आहे, बाई."

"मग सकाळ आपलीच आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतः डबा घेऊन आला. बऱ्याच दिवसांनी हसला. "आता बघ, कसा फुगतो ते!"

मूसबाईने डबा ताटात ओतला आणि बोटांनी कोळसा पसरला. काही ढेकळं धारदार कडांची, नुकती फोडलेली. काही मात्र स्वच्छ, चमकदार, आणि कडा झिजून गोल झालेली. थरातून निघालेल्या ढेकळाला गोल कडा कुठून येणार? हा धुलाईच्या यंत्रातून घोळून निघालेला माल होता, आणि तसं यंत्र फक्त शेजारच्या खाणीत होतं.

"दादा, हा शेजारच्या खाणीतला धुतलेला कोळसा आहे."

"थोडासाच आहे गं. आधाराला."

"कशाच्या आधाराला?"

तिने अख्खं ताट कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. दादा ओरडलाच, "अगं, वेड लागलंय का तुला? दुपारी समिती बसते!"

"म्हणूनच बोलण्यात वेळ घालवू नकोस." तिने खुंटीवरचं शिरस्त्राण काढलं. "चल खाली. मी येते."

खाणीत खाली नेणाऱ्या पाळण्यातून उतरल्यावर वळणावर अजून गुडघाभर पाणी होतं. ती पदर खोचून त्यातून गेली. थराच्या तोंडाशी दिवा धरून तिने वरपासून खालपर्यंत खडूची रेघ ओढली. "इथून इथपर्यंत सगळा काढ."

"वरचा पट्टा मातकट आहे, तो तरी सोड."

"थर तुझ्या सोयीने बनलेला नाही. सगळा काढ."

दादाने दात-ओठ खात कुदळ चालवली. डबा भरला, झाकण मूसबाईने स्वतः बसवलं आणि वर येईपर्यंत तो कुणाच्या हाती दिला नाही.

प्रयोगशाळेत कोळसा दळला गेला, पूड मुशीत गेली, साहेबांनी ज्योत पेटवली. मूसबाई हात मागे बांधून उभी राहिली. काय निघेल ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. पुन्हा भुकटी निघाली तर पुन्हा 'एक'च लिहायचा, आणि मग वहिनीच्या दारात पाय ठेवायचा नाही, एवढं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मूस निवली. साहेबांनी बटण तक्त्यावर ठेवलं, फिरवून बघितलं, पुन्हा ठेवलं. मग अजून दोन मुशी तापवल्या. तिन्ही बटणं एकाच आकृतीत बसली.

"सहा," साहेब म्हणाले. "कोकचा आहे." आणि कागद घेऊन समितीकडे निघून गेले.

दादा मटकन स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरून आले. एक बटण उचलून त्याने तळहातावर घेतलं. "म्हणजे मिसळायची गरजच नव्हती."

"नव्हती."

"मी सगळ्यांना सांगत होतो ना, माझा कोळसा खणखणीत आहे म्हणून?"

"सांगत होतास," मूसबाई म्हणाली. "मला खात्री नव्हती, म्हणून मी खाली उतरले. तुला खात्री होती, मग तू का मिसळलास?"