आडवं पोहायचं

बोरी अरबात माझं बियाण्याचं दुकान आहे. त्या साली पहिली पेरणी उलटली, लोकायनं दुसऱ्यांदा सरकी लावली, अन् माझं टार्गेट आपोआप पुरं झालं. कंपनीनं दोघायची अंदमानची सहल देल्ली. बायको म्हणे, मी विमानात बसत नाही, काय करायचं ते करा. मंग मी प्रेमसिंगले नेलं.

प्रेमसिंग म्हंजे विहिरीत पडलेली मोटर काढणारा. तीस हात पाण्यात बुडी मारून दोर बांधून यायचा. माझ्या सगळ्यात जुन्या दोस्तायपैकी.

बेट लय सुंदर होतं, खोटं कायले बोलू. पांढरी रेती, पाण्यापर्यंत आलेली झाडं, तळ दिसे असं पाणी. तिथल्या जीवरक्षकानं सगळ्यायले उभं करून सांगतलं. लाल झेंड्याच्या पलीकडे जाऊ नका. पाण्यानं आत ओढलं तं काठाकडे झोंबू नका, काठाच्या बाजूबाजूनं आडवं पोहा, ओढ सुटते. प्रेमसिंग तेव्हा कपडे बदलायले गेलता. आल्यावर मी त्याले झेंड्याचं तेवढं सांगतलं. आडव्याचं सांगतलं नाही. म्हटलं, याले पोहणं मी शिकवू का?

विहिरीतलं पाणी माणसाले कुठं नेत नाही. इथं तो पोहता पोहता झेंड्याच्या पलीकडे सरकला, त्याले समजलंच नाही. मंग ओढ लागली. विहिरीवाल्याले एकच माहीत, काठ दिसते तं सरळ काठाकडे जा. तो सरळ येत राह्यला, अन् होता तिथंच राह्यला. मी आडवं, आडवं म्हणून ओरडलो. लाटायच्या आवाजात काय ऐकू येते? जीवरक्षकानं काढला, तवा तो गेलता.

मले रडू आलं नाही. त्याले घरी आणलं, सगळं केलं, जेवलो, दुकान उघडलं. स्वतःचा राग येते, पण तोही दुसऱ्याच्या घरचा असल्यावाणी.

तेरवी झाल्यावर त्याची बायको मथुराबाई दुकानात आली. थैल्यायवर बसली. पाणी लय खोल होतं का, विचारलं. मी म्हटलं, नाही, ओढ होती, अन् आडवं पोहलं का ती सुटते.

"मंग त्यायले हे कोणी सांगतलं नाही का, भाऊ?"

"सांगतलं होतं," मी म्हटलं. "मीच सांगतलं. त्यानं ऐकलं नाही."



"असं कसं होईन, भाऊ? तुमचा शब्द त्यायनं कधीच टाळला नाही."