टाळूची किल्ली

किल्लीवाल्याच्या हातातली किल्ली कधी चुकत नाही, अशी गावभर ख्याती होती. कुलूप गंजलेलं असो, नाहीतर आत अर्धी किल्ली मोडून बसलेली असो, हा बाबा कान लावून दोन मिनिटं ऐकायचा, जिभेचं टोक जरा बाहेर काढायचा, की कुलूप आपणहून गुन्हा कबूल केल्यासारखं उघडायचं. एकदा एक वकील स्वतःच्याच बाथरूममध्ये अडकला. किल्लीवाल्याने त्याला बाहेर काढलं तेव्हा वकिलाच्या अंगावरचा साबणसुद्धा वाळला नव्हता.

घरात माणसं दोनच. तो आणि पंधरा वर्षांची लेक चिमी. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. जाताना ती आपली एक वस्तू चिमीच्या तोंडात ठेवून गेली होती. वरचा डावा सुळा. हा सुळा इतर दातांच्या रांगेत नव्हता. वर हिरडीत, शेजारच्याच्या खांद्यावर चढून बसला होता, ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला काका टाचा उंचावून डोकावतो तसा. आईचाही हुबेहूब तसाच होता. ती मान मागे टाकून हसायची, आणि आधी सुळा हसायचा, मग बाकीची बाई. पण कॅमेरा समोर आला रे आला की तोंड घट्ट बंद. घरात तिचे सदतीस फोटो होते. किल्लीवाल्याने भिंग लावून सगळे पाहिले होते. सुळा एकातही नव्हता.

म्हणजे तो आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि जिच्या तोंडात उरला होता तिला तो नको होता.

"वर्गात मला डबलडेकर म्हणतात," चिमी म्हणाली. "मी हसले की घंटी वाजवतात. बाबा, मला तारा बसवायच्या आहेत."

"अगं, किती छान दिसतो तो!"

"मग तू लाव तुझ्या तोंडात."

पोरगी हसताना तोंडावर हात ठेवायला लागली होती. ते काही बघवत नव्हतं. गेले दोघं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

तिथल्या रिसेप्शनिस्टकडे एक प्लास्टिकचा जबडा होता. तो ती साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवतात तसा उघडून दाखवायची. "ह्या साध्या स्टीलच्या तारा. दिसतात, पण काम चोख. ह्या दातांच्या रंगाच्या, सिरॅमिकच्या. दिसत नाहीत फारशा, पण जपाव्या लागतात. ह्या दातांच्या मागून बसतात. कोणाला पत्ता लागत नाही, फक्त जिभेला लागतो. आणि हे पारदर्शक साचे. काढा, घाला, काढा, घाला. काढून रुमालात ठेवायचे आणि रुमाल धुवायला टाकायचा, असं बरेच जण करतात."

"आणि काहीच नाही बसवलं तर?" किल्लीवाल्याने विचारलं.

रिसेप्शनिस्टने जबडा मिटला.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "कुठली तार हे नंतर बघू. हिची टाळू अरुंद आहे. पाच जणांच्या बाकावर सहा जण बसलेत, मग एक मांडीवर जाणारच. आधी बाक रुंद करू. टाळूला एक स्क्रू बसवते. घरी रोज एक पाव फेरा द्यायचा, ह्या छोट्या किल्लीने. वर टाळूत जे हाड जुळायचं बाकी असतं ते हळूहळू फाकतं. पुढच्या दोन दातांत फट पडली की समजायचं, काम होतंय. जागा झाली की सुळा अलगद खाली आणू. पण हिचं वय काठावर आहे, उशीर करून चालणार नाही." मग किल्लीवाल्याकडे बघून हसल्या. "तुम्हाला काय शिकवायचं म्हणा! तरी सांगते. किल्ली भोकात घालायची, घशाकडे ढकलायची. काढताना मात्र पुढे ओढायची नाही. नाहीतर दिलेला फेरा उलटा येतो. लोकांची हीच चूक होते."

"माझी नाही व्हायची," किल्लीवाला म्हणाला.

आणि पहिल्याच सकाळी झाली.

"आ कर," तो म्हणाला. चिमीने खिडकीजवळ मान मागे टाकून आ केला. हुबेहूब तशीच मान, आणि उजेडात तो सुळा. किल्लीवाल्याने किल्ली ढकलली. स्क्रू पाव फेरा फिरला, चिमीने डोळे मिटून "आई गं" म्हटलं, आणि त्याचा हात दचकून मागे आला. किल्लीबरोबर फेराही मागे आला. त्याला तो बोटात कळला. दुसऱ्या कोणाला कळला नसता.

'पुन्हा द्यावा,' त्याच्या मनात आलं. 'उद्या देऊ,' हेही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी हात दचकला नाही. तरी फेरा परत आला.

तिसऱ्या दिवसापासून हात सराईत झाला. पुढे आणि मागे, इतक्या सफाईने की जगातल्या कुठल्याही कुलपाने टोपी काढावी. चिमी रोज कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. "तुझा हात किती हलका आहे, बाबा! दवाखान्यात भेटलेल्या त्या मुलीची आई फिरवते तर ती रडते म्हणे. मला तर क्षणभर दुखतं आणि लगेच थांबतं."

"हं," किल्लीवाला म्हणायचा आणि दुकानाला पळायचा.

अठ्ठावीस खुणा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. फट नाही. स्क्रू जिथे बसवला होता तिथेच, जागचा हललेला नाही.

"रोज फिरवलात?"

चिमीने पिशवीतून अख्खं कॅलेंडर काढून समोर धरलं.

"मग स्क्रूच खराब! आपोआप मागे फिरतोय." बाई कंपनीवर उखडल्या. स्क्रू काढला, धुतला आणि चक्क किल्लीवाल्याच्या हातात ठेवला. "तुम्ही ह्यातले जाणकार. बघा बरं काय दोष आहे. तुमचं मत जोडून मी त्यांना खरमरीत पत्र पाठवते."

चोराला पंच नेमला की दुसरं काय होणार! किल्लीवाल्याने दुकानात बसून भिंगातून स्क्रू पाहिला. इतकं सुरेख काम त्याने वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं. आट्यांवर ओरखडा नाही. त्याने कागद घेतला आणि लिहिलं, 'आटे झिजलेले आहेत.' खाली सही केली. आयुष्यात कुलपाविषयी खोटं तो पहिल्यांदाच बोलला होता.

कंपनी घाबरली. नवा स्क्रू धाडते म्हणाली. तो यायला तीन महिने लागले. तोवर चिमी घंटी ऐकत राहिली. नवा बसला. पुन्हा खिडकी, पुन्हा "आ कर", पुन्हा अठ्ठावीस खुणा. एकदा त्याने खरंच ठरवलं होतं, आज फेरा आत ठेवायचाच. नेमकी त्या सकाळी ती आ करता करता कशाला तरी हसली. झालं. हात पुढे जाऊन परत आला.

ह्या वेळी डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक्स-रे काढला, उजेडावर धरला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"हाड जुळत आलंय. आता स्क्रूने फाकणार नाही. मोठं ऑपरेशन करा असं मी म्हणणार नाही. दात काढून जागा करावी लागेल."

"कुठला?" किल्लीवाल्याने विचारलं.

"एरवी आम्ही सुळ्याला हात लावत नाही, मागचा एखादा काढतो. पण हिच्या सुळ्याचं मूळ वाकडं आहे, शेजारच्याला घासतंय. जागा असती तर हळूहळू वळवून खाली आणला असता, जन्मभर राहिला असता. आता ओढायला गेले तर शेजारचाही जाईल. सुळाच काढायचा."

किल्लीवाला उठून उभा राहिला. "नाही नाही, थांबा. अजून एक महिना द्या. ह्या वेळी मी नीट फिरवतो."

खोलीत फक्त पाण्याची बारीक नळी सुरसुरत होती.

"ह्या वेळी म्हणजे?" चिमीने विचारलं.

तो पुन्हा खाली बसला.

"बाबा, तुझ्या हातून किल्ली चुकते?"

एवढं म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंना एकाएकी ट्रेमधला कापूस मोजायचं काम निघालं.

"तिचा तसाच होता गं," तो शेवटी म्हणाला. "फोटोत कुठेच नाहीये."

"मला माहितीये तसाच होता. मला आठवते ती. दात बघूनच आठवायला पाहिजे का?" तिचा आवाज फाटला. "मला रोज म्हणतात, बाबा. रोज. आणि मी कॅलेंडरवर खुणा करत होते."

"आता नीट फिरवूनही उपयोग नाही," डॉक्टरीणबाई कापसाकडे बघत म्हणाल्या.

दात दहा मिनिटांत निघाला. नर्सने तो धुऊन प्लास्टिकच्या पुडीत घातला. चिमीच्या तोंडात बोळा होता. तिने पुडी बापाच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागली.

नंतर स्टीलच्या तारा बसल्या. दर महिन्याला तार आवळायची, मग दोन दिवस भात आणि दूध. वरच्या दाताला खालच्या दाताशी बांधणारी इवलीशी रबरं रोज बदलायची. ती तिला पहिल्या आठवड्यात जमेनात, सुटून आरशावर उडायची. किल्लीवाला दारात उभा राहून म्हणाला, "आण इकडे. आ कर."

"तुम्ही राहू द्या," चिमी म्हणाली. तोवर जन्मभर ती त्याला अरे-तुरे करत आली होती.

पुडी तो दुकानातच ठेवायचा. गिऱ्हाईक नसलं की भिंगाखाली धरायचा. मूळ खरंच वाकडं होतं, जुन्या तिजोरीच्या किल्लीसारखं. एकदा सायकलच्या कुलपाची किल्ली करायला आलेल्या एका माणसाने विचारलं, "दातही बनवता का हो?"

"नाही," किल्लीवाला म्हणाला. "नुसते बिघडवतो."

दोन वर्षांनी तारा निघाल्या. दात अगदी रांगेत, एकसारखे. प्लास्टिकच्या जबड्यातले असावेत तसे. डॉक्टरीणबाईंनी फोटो घेतला, म्हणाल्या, "आता हस की मोकळी!"

दुकानावरून जाताना चिमी मैत्रिणीशी बोलत होती. मैत्रीण काहीतरी म्हणाली आणि चिमीने मान मागे टाकली. किल्लीवाल्याच्या हातातली किल्ली थांबली.

चिमीचा हात सवयीने वर गेला आणि तोंडावर बसला.