आईची खिडकी

मी एक जुना कटर आहे. पितळी मूठ, तिरकं पातं आणि स्वभावाने जरा जळकुकडा. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझे मालक श्यामसुंदर दामले मूळचे सांगलीचे, पण चंदीगडला केंद्र सरकारच्या कचेरीत आरेखक होते. फावल्या वेळात पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून ते छोट्या इमारती बनवत. भिंत कापणं सोपं, खरी कसोटी खिडकीची. रेघ कोपऱ्यापुढे गेली की भिंतीला चीर पडते. अशा कितीतरी खिडक्या मी एकट्याने कापल्या. कौतुकही माझंच व्हायचं.

मग सेक्टर १७ च्या बाजारातून एक चिमुकलं हातड्रिल घरात आलं. आधी त्याने चारी कोपऱ्यांना भोकं पाडायची, मग मी भोकापासून भोकापर्यंत कापायचं. चीर पडण्याची भीतीच गेली. "वा! काय सुबक कोपरे आलेत!" मालक म्हणायचे. घाम गाळायचा मी आणि वाहवा त्याची! त्याला मखमली डबी, मी मात्र खणात पेन्सिलींच्या ढिगात. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या वर्षी पंजाबात अतिरेक्यांचा जोर होता. शहरात कधी संचारबंदी, कधी बंद. सगळं निवळेपर्यंत लेकीला, पद्मिनीला, सांगलीला मावशीकडे ठेवायचं ठरलं. चंदीगडातच वाढलेली ती हिंदीतच हटून बसली. "मैं नहीं जाऊँगी अपना घर छोड़के!"

"घर बरोबर देतो तुझ्या," मालक म्हणाले आणि आपल्याच सरकारी क्वार्टरची प्रतिकृती करायला बसले.

निघायच्या आदल्या दिवशी एकच खिडकी उरली, स्वयंपाकघराची. शाळेत निघालेल्या पद्मिनीला तिची आई, सुनंदाबाई, रोज तिथूनच हात करायच्या. आणि नेमकं तेव्हाच ड्रिल मालकांच्या हातातून निसटून फरशीवर पडलं, त्याचं टोक मोडलं. बाहेर बंद, दुकानं मिटलेली. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या!

"राहू द्या हो, कोरी भिंतच लावा," सुनंदाबाई म्हणाल्या.

"फिर मम्मी कहाँ खड़ी रहेगी?" पद्मिनीला रडू फुटलं. माझा आनंद जागीच विरला.

मालकांनी मला नवं पातं बसवलं. कोपऱ्यात टेकवून मध्यापर्यंत हलकेच ओढायचं, मग समोरच्या कोपऱ्यातून पुन्हा मध्यापर्यंत. तीन बाजू छान झाल्या. चौथीला मालकांचा हात जरासा हलला आणि केसाएवढी चीर पडली. आता त्या ड्रिलचीच आठवण काढणार, मी मनात म्हटलं.

पद्मिनीने चीर निरखली, धावत स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. "पापा, अपनी खिड़की में भी यहीं पे दरार है! बाकी सब सुंदर हैं. ये वाली अपनी है."

सुनंदाबाईंनी हसता हसता पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, आपल्या हत्यारांना जपा. बोथट पात्याने जोर लावू नका, काम झालं की टोक झाकून ठेवा. माझ्या टोकावरचं बूच जाताना पद्मिनीने स्वतः कोरून बसवलं. मखमलीची मला आता हाव नाही. फक्त एवढं सांगतो, निघताना तिने त्या ड्रिलच्या डबीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही!