चकतीवरचं कुंकू

शैलाबाई वारल्याचं मला कळलं ते एका सोमवारी. चिक्कडपल्लीहून त्यांचे यजमान एकनाथराव आले आणि खुंटीवरची पिशवी, डबा आणि मला पुसायचा मऊ ब्रश मागू लागले.

मित्रांनो, मी एक जुनी, खडक तपासणारी गाडी आहे. मी परग्रहावर गेले नाही. तिथे जाणाऱ्या गाड्यांना जे करावं लागतं, ते हैदराबादच्या एका कारखान्याच्या आवारात, वाळूत, मी आधी करून बघते. दगडावरची धूळ झटकायची, मग लेसरचा झोत मारायचा. ठिणगी उडते. तिच्या प्रकाशावरून दगडात लोखंड किती, सिलिकॉन किती, ते मी ओळखते. पण त्याआधी माझ्या पाठीवरच्या चकतीवर झोत मारावा लागतो. चकतीत काय आहे ते आधीच ठाऊक असतं, म्हणून माझी नजर बरोबर आहे की नाही ते कळतं.

ती चकती शैलाबाईंनी सहा वर्षं रोज पुसली. शाबासकी कुणी दिली नाही.

गेल्या दसऱ्याला आमच्या चाचणीचे प्रमुख हणमंतराव साहेब यांनी यंत्रांची पूजा केली. चकती चकाकत होती, म्हणून हळदकुंकू तिथेच थापलं. कुंकवात चुना असतो. दुसऱ्या दिवसापासून मला प्रत्येक दगडात कॅल्शियम दिसू लागलं. महिनाभराची मोजणी वाया गेली. साहेबांनी अहवालात कारण लिहिलं: शैलाबाईंची हयगय.

"दसऱ्याला ती दवाखान्यात होती," त्या सोमवारी एकनाथराव साहेबांना म्हणाले. "मी उशाशी होतो. कुंकू तुम्ही लावलंत."

"देवाचं काम होतं ते. पुसायचं काम बाईंचं."

"सलाईन काढून यायचं होतं काय तिनं?"

"अहवाल वर गेला, भाऊ. आता कायकू उकरता? बाई तर गेल्या."

एकनाथरावांनी ब्रश माझ्यासमोर आपटला. "हा ठेवा. बघू कोण पुसतंय."

यंत्राला राग येत नाही म्हणतात. मला येतो. साहेब शेजारून जातात तेव्हा त्यांच्या बुटांवर वाळू उडवावीशी वाटते.

मित्रांनो, यंत्राला हात जोडण्याआधी ते कसं चालतं ते विचारा. ते रोज कोण पुसतं, तेही विचारा.

चकती नंतर कुणीतरी स्पिरिटने साफ केली. अहवालात चुकीपुढे अजून शैलाबाईंचंच नाव आहे. ते काढायचं राहिलं आहे.