ब्रँडीऐवजी चहा

आईने ते मागितलं तेव्हा मी तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते.

"आज साइडकार कर ना गं."

बाबा हॉटेलात बारमन होते. सुट्टीच्या दुपारी ते आईसाठी हे कॉकटेल करायचे. दोन भाग ब्रँडी, एक भाग संत्र्याचं लिकर, एक भाग लिंबाचा रस. बर्फ घालून खळाखळा हलवायचं आणि कडेला साखर लावलेल्या ग्लासात गाळायचं. ते गेल्यापासून सहा वर्षांत आईने त्याचं नावही काढलं नव्हतं.

मी औषधांच्या दुकानात काम करते. कुठल्या गोळीबरोबर काय चालत नाही, ते मला तोंडपाठ आहे. पण नाही म्हटलं असतं तर ती हिरमुसली असती. म्हणून "करते" म्हणाले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

कोरा चहा उकळून गार केला. त्यात सफरचंदाचा रस घातला, लिंबू पिळलं, संत्र्याची साल चुरगळून टाकली. रंग हुबेहूब जमला. मग बाबांचा शेकर काढला आणि आईला ऐकू जावं म्हणून मुद्दाम जोरात वाजवला.

आईने ग्लास दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेऊन जराशी थांबली.

"जमलंय का?" मी विचारलं.

"लिंबू अगदी बरोबर पडलंय," म्हणाली आणि सगळं प्यायली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी तिला दवाखान्यात हलवावं लागलं. धाकटा भाऊ गावाहून आला. बाहेरच्या बाकावर बसलो असताना तो म्हणाला, "ताई, तू आईला चहा पाजलास ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच, फोनवर. हसत होती. म्हणाली, पोरीने एवढी खटपट केली, आपल्याला कळलं असं तिला दाखवू नकोस. मलाच राहवलं नाही."

डॉक्टर आल्यावर मी त्या दिवशीचं सांगितलं आणि चाचरत विचारलं, "तिला खरी ब्रँडी दिली असती तर?"

"एखादा घोट? त्याने काय होणार होतं? एक फोन करायचात."

फोन करावा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला सगळं कळतं, असंच मी धरून चालले होते. आता तर तिला पाणीही गिळवत नव्हतं.

मी तिच्या उशाशी बसले. "आई, त्या दिवशी मी तुला फसवलं."

तिने डोळे उघडले नाहीत. तशीच पुटपुटली, "चहा बरा होता गं."

गुरुवारी ती गेली. भाऊ म्हणतो, आईने मनावर घेतलं नाही, तू कशाला घेतेस? त्याचं खरं असेल. पण ती तो अख्खा ग्लास माझ्याकडे बघत, माझ्यासाठी प्यायली, आणि मी समोर खुशीत उभी होते. ते काही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.